कादंबरीत अडलेला शब्द: थांबून कोश बघायचा की ओळीवरून अर्थ लावत पुढं जायचं?

कृष्णाकाठ (सांगली)
६ मे, रात्री १०:५०

गेले पंधरा दिवस मी आणि नववीत गेलेली माझी मुलगी रोज रात्री जेवणं झाली की एक कादंबरी मोठ्यानं वाचतोय. दोन पानं ती, दोन पानं मी. कादंबरी आपल्याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरातली, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. मुलगी विश्रामबागेत वाढलेली, शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात बोलतो मराठीच, पण औत-कुळवाची मराठी तिच्या कानावर कधी पडलेली नाही.

पहिल्या रात्री दोन पानांत तिला अकरा शब्द अडले. दर शब्दाला मोबाइल उचलायची. अर्धे शब्द सापडायचेच नाहीत, आणि उरलेल्यांचे अर्थ वाचून होईपर्यंत गोष्टीतला म्हातारा कुठं निघाला होता तेच डोक्यातून जायचं. दुसऱ्या रात्रीपासून मोबाइल आतल्या खोलीत ठेवला. शब्द अडला की वहीत लिहायचा, शेजारी पेन्सिलीनं आपला अंदाज लिहायचा आणि पुढं सरकायचं.

काही अंदाज फार नेमके लागले. 'दिवस कासराभर वर आला तशी तात्यांनी औत सोडलं आणि बांधावर भाकरीचं फडकं सोडलं' असं एक वाक्य होतं. तिनं लिहिलं, 'कासराभर: सकाळचे नऊ वगैरे, न्याहारीची वेळ.' वेळ बरोबर होती. कासरा म्हणजे बैल हाकायची दोरी, हे मी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही गच्चीवर ओढणी दोन्ही हातांत ताणून उभी, समोरच्या घरांच्या वर सूर्य किती आलाय ते मापत!

पण परवाची एक चूक माझ्या मनातून जात नाही. सुगीच्या प्रकरणात 'सावड' हा शब्द आला होता. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. तो तिनं बरोबर ओळखला. पुढं एका ओळीत 'म्हाताऱ्याला माती दिली' आणि त्याच्या खाली 'तिसऱ्या दिवशी सगळी भावकी सावडायला ओढ्यावर गेली.' तिनं लिहिलं, 'माती दिली: वादातली जमीन म्हाताऱ्याला मिळाली. सावडायला: मदतीला.' आणि वाचत राहिली. सहा पानांनंतर विचारते, "आई, म्हातारा घरी कधी येणार? आता तर जमीन मिळाली ना त्याला?"

हे तिथंच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि आजोबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही घाटावर कशाला गेलो होतो ते तिला सांगितलं. राख कशी सावडतात, अस्थी कशा वेचतात, सगळं. ती तेव्हा सहावीत होती, तिला घरी ठेवलं होतं. नंतर तिनं ती सहा पानं परत पहिल्यापासून वाचली, एकटीनं.

म्हणून विचारते. अंदाजावर सोडलं ते चुकलं का? प्रत्येक शब्दाला थांबावं, तर ती वाचनच सोडेल अशी भीती वाटते. तुम्ही मंडळी काय करता?

खडूफळा (कोरेगाव)
६ मे, रात्री ११:३५

ताई, मोबाइल आत ठेवलात ते उत्तम केलंत. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. अंदाज लावायच्या खुणा असतात आणि त्या शिकवता येतात, हे मला नोकरीला लागल्यावर दहा वर्षांनी उमगलं. तोवर मी फळ्यावर 'शब्दार्थ' लिहून द्यायचो आणि पोरं ते पाठ करून विसरायची.

आधी क्रियापद बघायला सांगा. ती वस्तू जुंपतात, उपसतात, पांघरतात की पेरतात? तेवढ्यावरून वस्तूची जात कळते. मग आपले जोडशब्द. ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे: बाजारहाट, दगडधोंडा, केरकचरा, गाईगुरं, पालापाचोळा. एक शब्द माहीत असला की तो दुसऱ्याचा हात धरून आणतो. 'हाट' कधी ऐकला नसला तरी 'बाजारहाट' ऐकलेला असतो, म्हणजे 'हाटाला गेला' कुठं अडत नाही. मात्र सगळीकडं असं चालत नाही. 'शेजारीपाजारी' मधला 'पाजारी' एकटा कुणाच्या घरी जात नाही, तो नुसता नादाला आलेला.

आणि 'पण', 'एरवी', 'नाहीतर' या शब्दांपाशी थांबायला सांगा. 'एरवी बारमाही वाहणारा ओढा, पण यंदा चैतातच ठणठणीत.' 'ठणठणीत' मुलांना तब्येतीमुळं माहीत असतो, ठणठणीत बरा. इथं 'पण' सांगतो की हा ठणठणीत वेगळा, कोरडा.

सगळ्यांत अवघड खूण म्हणजे धीर. सातवीच्या वर्गात एकदा मी वाक्य दिलं, 'रामानं इर्जिक घातलं.' कुणी लिहिलं सापळा, कुणी पूजा, कुणी जेवण. पुढचं वाचलं, भल्या पहाटे वीस औतं रानात उतरली. त्याच्या पुढं, दुपारी खिरीच्या पंगती बसल्या. त्याच्या पुढं, दिवस मावळायच्या आत सगळं रान नांगरून निघालं. शेवटी वर्गानं आपणच अर्थ जुळवला: शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापली औतं आणून एकाचं काम एका दिवसात उरकायचं, आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. ज्यानं 'जेवण' लिहिलं होतं त्याचंही पूर्ण चुकलं नव्हतं. त्याच्या हाती एक कोपरा लागला होता.

आता तुमच्या लेकीचं वाक्य. 'तिसऱ्या दिवशी सगळी भावकी सावडायला ओढ्यावर गेली.' यात तीन खुणा होत्या. सावडीला शेजारपाजार येतो, इथं मुद्दाम 'भावकी' म्हटलंय. सावड रानात होते, इथं 'ओढ्यावर'. आणि 'तिसऱ्या दिवशी', कशापासून तिसरा? आधी शिकलेला अर्थ हाताशी तयार होता म्हणून तिनं तिन्ही खुणा ओलांडल्या. मोठी माणसंही ओलांडतात. सावडणं म्हणजे विखुरलेलं गोळा करणं, हे एकदा सांगून ठेवा. पुढं हा शब्द कुठंही भेटला तरी तिला वाट सापडेल.

अबोली७ (कराड)
७ मे, सकाळी ७:१०

मी कधीच थांबत नाही. आमच्या आजीला लिहिता येत नव्हतं, पण कीर्तनातला प्रत्येक शब्द समजायचा. तिनं कुठला कोश उघडला होता? ऐकत गेलं, वाचत गेलं की शब्द आपोआप आपले होतात.

शाईचा डाग (वाई)
७ मे, दुपारी १:२०

गुरुजींचं सगळं पटलं, तरी दुसरी बाजू मांडते. मी मुद्रितं तपासते आणि मराठीतून हिंदीत अनुवाद करते. न समजलेला शब्द मला कधी फसवत नाही, कारण तिथं मी थांबतेच. घात होतो तो समजला असं वाटलेल्या शब्दापाशी.

माझं माहेर कोकणातलं. कामाला लागले तेव्हा एका कथेत आलं, 'कोरड्यास काय केलंय?' कोरडं म्हणजे सुकं, पुढं वांग्याचा उल्लेख, म्हणून मी बिनधास्त 'सूखी सब्ज़ी' लिहून मोकळी झाले. तीन पानांनंतर त्याच कोरड्यासात भाकरी कुस्करून कुणीतरी ओरपतं. तिथंही मला शंका आली नाही! पुस्तक छापून आल्यावर सांगलीकडच्या एका वाचकानं पत्र लिहून कळवलं की कोरड्यास म्हणजे कोरड्या भाकरीबरोबर लावून खायला जे काही असेल ते, मग आमटी असो नाहीतर रस्सा. शब्दाच्या पोटात दिसणाऱ्या 'कोरडं' या शब्दावर मी विसंबले आणि समोरच्या ओळीतला रस्सा मला दिसला नाही. ती चूक त्या पुस्तकात अजून तशीच आहे आणि मला अजून सलते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: अंदाज जरूर लावा, पण प्रकरण संपल्यावर पडताळा. मोबाइलवरचा पहिला निकाल कोश नव्हे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. औत, मोट, बलुतं असले शब्द जेव्हा रोजच्या वापरात होते तेव्हाचा तो कोश. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत आला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट शोधता येतात, देवनागरीत शब्द टाकला तरी. तुमच्या मुलीला न सापडलेले अर्धे शब्द तिथं मिळावेत. एक काळजी घ्या: जुन्या कोशांत 'थारोळें', 'सावडणें' असं लेखन आहे, म्हणून 'थारोळं' टाकलंत तर हाती काही लागणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
७ मे, दुपारी ३:०५

शाईचा डाग, ताई, गंमत बघा. कोरड्यास माझ्या मुलीला चांगलं माहीत आहे, कारण आमच्या सासूबाई रोज विचारतात, "आज कोरड्यास काय?" तुम्ही एवढ्या वाचलेल्या, तुम्हाला अडलं ते तिला अडणार नाही. आणि इर्जिक तिच्या घरात कुणी म्हणत नाही, तर तिथं ती अडते. गुरुजी, 'भावकी'ची खूण तिला दाखवली. खूप वेळ त्या ओळीकडं बघत होती.

वाचनवेल (सांगली)
७ मे, रात्री ९:४०

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, म्हणून यावरचं थोडं संशोधन वाचनात आहे. दोन-तीन गोष्टी तुमच्या प्रश्नाला धरून सांगते.

नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये आधीचे २० प्रयोग एकत्र करून पाहिले. मुलं नेहमीसारखी वाचत असताना जे अनोळखी शब्द भेटतात, त्यांतले साधारण १५ टक्के तेवढ्यानं शिकली जातात, असं निघालं. म्हणजे शंभरातले पंधरा. आकडा लहान वाटतो, पण वर्षभर रोज वाचणाऱ्याला किती शब्द भेटतात याचा हिशोब केला की तो लहान राहत नाही. अबोलीताईंच्या आजींचं बळ तिथं होतं. एकेक शब्द त्यांनी किती कीर्तनांत ऐकला असेल!

दुसरं, १९८३ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी संदर्भांचे चार प्रकार सांगितले: नेमक्या अर्थाकडं नेणारा, नुसती दिशा दाखवणारा, काहीच न सांगणारा आणि चुकीच्या वाटेला लावणारा. शेवटचे दोन फार जणांच्या लक्षात येत नाहीत. लेखक गोष्ट सांगायला बसलेला असतो, शब्द शिकवायला नव्हे. 'म्हाताऱ्याला माती दिली' हे ठाऊक असणाऱ्याला पुरेसं होतं. नसणाऱ्याला ते वाक्य आडवाटेला लावणार, त्यात मुलीचा दोष नाही.

तिसरं. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांवरचा एक अभ्यास २००० साली आला. कुणाची मदत न घेता कादंबरी समजायला तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे पन्नास शब्दांत एक नवा. मराठीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये, पण अडीचशे-तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहा शब्द अडत असतील तर मूल अंदाजानं निभावून नेतं आणि पंधरा-वीस अडले तर शेजारी कुणी बसलेलं लागतं, हे मी घरी पाहिलंय. तुम्ही शेजारी बसताय. सगळ्यांत मोलाचं मला तेच वाटतं.

बोरनदी (जत)
८ मे, सकाळी ६:४५

नमस्कार. आमच्या घरात कन्नड. जत तालुक्यात आमच्यासारखी घरं खूप. शाळा मराठी, त्यामुळं पुस्तकातली मराठी यायची, पण कादंबरीतली माणसं बोलायला लागली की माझा गोंधळ व्हायचा. कोश विकत घेण्याइतकी ऐपत नव्हती. ग्रंथालयाचं पुस्तक, त्यावर खूण करायचीही बंदी. मग मी शब्द तळहातावर लिहायचो आणि संध्याकाळी गुरं घेऊन परतताना शेजारच्या मराठी घरातल्या आक्कांना विचारायचो. त्या अर्थ कधीच सांगत नसत, वस्तूच दाखवत. 'गव्हाण' म्हटलं की गोठ्यात नेऊन हात ठेवून दाखवायच्या.

कधी कधी माझी कन्नडच मदतीला यायची. 'म्हातारी काठी हुडकू लागली' हे मला लगेच समजलं, कारण आमच्यात शोधणं म्हणजे 'हुडुकु'. तूप म्हणजे आमचं 'तुप्प'. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा वर्गातल्या मुलांना 'हुडकणं' माहीत नव्हतं आणि मी, कन्नड घरातला, त्यांना सांगत होतो. तो दिवस मी विसरलेलो नाही.

कृष्णाकाठ ताई, मुलीला सांगा, वही जपून ठेव. माझे सगळे शब्द हात धुताना गेले.

कृष्णाकाठ (सांगली)
१० मे, रात्री १०:१५

बोरनदी दादा, तुमचं लिहिणं मी तिला वाचून दाखवलं. तिनं वहीला कव्हर घातलं.

आज नवीन अडलंय. 'मोट वर आली आणि थारोळ्यात धबाधबा पाणी पडलं.' थारोळं हा शब्द तिला येतो! पेपरात रोज असतो, 'रक्ताच्या थारोळ्यात'. म्हणून वहीत आधीच लिहिलेलं होतं, 'थारोळं: खूप रक्त सांडलेली जागा.' आज थारोळ्यात पाणी पडलं, तिनं रक्त खोडलं आणि लिहिलं, 'खूप काहीतरी सांडून साचतं ती जागा.' पुढच्या ओळीत पोरं त्याच थारोळ्यात उतरून अंघोळ करतात. पुन्हा खोडलं. 'हौद?' आता तिथं प्रश्नचिन्ह आहे. मला खरं सांगायचं तर मलाही नक्की सांगता येईना. मोट मी फक्त चित्रात पाहिलीय.

माणगंगा (आटपाडी)
१० मे, रात्री ११:५०

ताई, मोटेवर माझं लहानपण गेलंय, सांगतो. विहिरीच्या काठावर दोन खांब उभे, त्यांत चाक. चाकावरनं जाणारा जाड दोर तो नाडा, त्याला मोट बांधलेली. मोट चामड्याची, पुढं पुढं पत्र्याची आली. मोटेला खाली सोंड असते, त्या सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. बैल ज्या उताराच्या वाटेनं नाडा ओढत खाली जातात ती धाव. बैल धावेच्या टोकाला पोचले की मोट वर येते, सोंदूर सोंडेला खेचून धरतो आणि सगळं पाणी काठावरच्या दगडी कुंडीत मोकळं होतं. ती कुंडी म्हणजे थारोळं. तिथनं पाट, पाटातनं वाफ्यात. मग बैल पाठीमागं सरत सरत परत वर.

पेपरवाले लिहितात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, थारोळ्यासारखं रक्त साचलं. मूळचं थारोळं पाण्याचं. पोरीनं खोडत खोडत 'हौद'पर्यंत आणलं म्हणजे दारात येऊन उभी राहिली. उन्हाळ्यात आम्ही त्यात बसायचो, डोक्यावर मोटेचं गार पाणी. आमच्याकडं पाऊस थोडा, त्यामुळं त्या पाण्याचं सुख काय असतं ते माणदेशातल्या माणसालाच विचारा.

विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या. मोट गेली तशी नाडा, सोंदूर, धाव ही सगळी भावंडं एकदम गेली. आमचं थारोळं मात्र अजून आहे. दगड पाण्याच्या माऱ्यानं असा गुळगुळीत झालाय की हात फिरवत राहावं.

खडूफळा (कोरेगाव)
११ मे, सकाळी ८:००

सुट्टी आहे तोवर लेकीला लिंबला घेऊन जा. साताऱ्याहून पुण्याच्या वाटेवर आहे. तिथली बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. आत दगडी महाल आहे आणि वर मोटा लावायच्या जागा अजून ओळखू येतात. माणगंगांनी लिहिलेलं सोबत न्या आणि एकेक जागा तिलाच ओळखू द्या. तुम्ही सांगू नका.

कृष्णाकाठ (सांगली)
१८ मे, रात्री ९:३०

जाऊन आलो. सासूबाईही आल्या.

मुलगी आत उतरलीच नाही आधी. वही घेऊन वरच फिरत राहिली. "नाडा इथून. म्हणजे बैल इकडं तोंड करून. म्हणजे धाव ही." मग काठावरच्या दगडापाशी उकिडवी बसली, त्यावर हात ठेवला आणि काही बोललीच नाही. सासूबाईंनी तिच्याजवळ बसून सांगितलं की लग्नाच्या आधी त्या थारोळ्यावर धुणं धुवायच्या आणि मोट हाकताना त्यांचे वडील गाणं म्हणायचे. हे मी वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. शब्द निघाला नसता तर आजही ऐकलं नसतं.

आता आमची पद्धत अशी झालीय: वाचताना अंदाज पेन्सिलीनं. प्रकरण संपलं की सासूबाईंना विचारायचं. त्यांनाही नाही आला तर कोश, शाईचा डाग ताईंनी सांगितल्याप्रमाणं जुन्या लेखनासकट. एकाच शब्दाची तीन वेगळ्या वाक्यांत गाठ पडली की मगच तिथं पेनानं लिहायचं. 'थारोळं' पेनानं झालं. 'सावडणं' तिनं मला न विचारता पेनानं लिहिलंय, दोन्ही अर्थ, एकाखाली एक.

आज रात्री 'कडूसं पडलं तशी शेरडं घराकडं वळली' असं आलंय. तिचा अंदाज, 'संध्याकाळचा अंधार'. सासूबाई झोपल्यात. गुरुजी, कोरेगावकडं म्हणतात का हो असं?

खडूफळा (कोरेगाव)
१८ मे, रात्री ९:५५

म्हणतात. पण अंधार पुरता पडलेला नसतो. माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही, ती वेळ. पेन्सिलच राहू द्या अजून.